वापरलेल्या नौकांची दलाली

वापरलेल्या नौकांची दलाली म्हणजे नौकेचा मालक आणि ती विकत घेऊ इच्छिणारी व्यक्ती यांच्यात मोबदला घेऊन व्यवहार जुळवून देण्याचा व्यवसाय होय. हा व्यवसाय करणाऱ्यास नौकादलाल म्हणतात. खासगी वापराच्या क्रीडानौका, शिडाच्या नौका, मोटारनौका आणि मोठ्या यॉट यांच्या पुनर्विक्रीत नौकादलालांचे स्थान महत्त्वाचे आहे, विशेषतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन आणि भूमध्य समुद्राच्या काठावरील देशांत. वापरलेली नौका दलालामार्फत घ्यावी की मालकाकडून थेट घ्यावी, याचे उत्तर प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते: नौकेची किंमत, तिच्या मालकीच्या कागदपत्रांची गुंतागुंत आणि दलाल कायद्याने कोणाचा प्रतिनिधी आहे हा प्रश्न. बहुतेक व्यवहारांत दलाल विक्रेत्याचा प्रतिनिधी असतो. त्यामुळे खरेदीदाराला त्याचा उपयोग मुख्यतः कागदपत्रे आणि पैशांची सुरक्षितता यांपुरता होतो. नौकेच्या स्थितीची खात्री त्याला स्वतंत्र तपासनिसाकडूनच करून घ्यावी लागते.

संज्ञा व स्वरूप

नौकाविक्रेता आणि नौकादलाल या दोन भूमिका वेगळ्या आहेत. विक्रेता व्यापारी स्वतःच्या मालकीची नौका विकतो. दलाल दुसऱ्याच्या मालकीची नौका त्याच्या वतीने विकतो. एकच संस्था दोन्ही कामे करू शकते. अशा वेळी विशिष्ट नौकेच्या बाबतीत ती कोणत्या भूमिकेत आहे, हे खरेदीदारास लेखी विचारून घेणे आवश्यक ठरते, कारण त्यावर त्याचे कायदेशीर हक्क अवलंबून असतात.

व्यापारी जहाजांच्या खरेदी-विक्रीतही दलाल असतात. लंडनमधील बाल्टिक एक्स्चेंज ही संस्था अठराव्या शतकातील कॉफीगृहांतून उगम पावली आणि जहाजदलालीचे प्रमुख केंद्र बनली. नॉर्वेतील जहाजदलालांच्या संघटनेने तयार केलेला ‘नॉर्वेजियन सेलफॉर्म’ हा नमुना करार जुन्या व्यापारी जहाजांच्या विक्रीत जगभर वापरला जातो. मात्र या दोन क्षेत्रांतील दलालीच्या दरांत मोठी तफावत आहे. व्यापारी जहाजाच्या विक्रीत दलालाला साधारणपणे किमतीच्या सुमारे १ टक्का मिळतो, तर क्रीडानौकेच्या विक्रीत दलाली बहुधा १० टक्क्यांच्या आसपास असते. जाहिरात, नौका दाखवणे, चाचणी सफर, करार आणि नोंदणी ही कामे नौका लहान असली तरी जवळपास तेवढीच राहतात. त्यामुळे किंमत जितकी कमी, तितका दलालीचा टक्का जास्त ठेवावा लागतो.

दलाली आणि तिचा भार

दलाली सामान्यतः विक्रेत्याला मिळालेल्या रकमेतून वजा केली जाते. अमेरिकेत विक्रेत्याचा दलाल आणि खरेदीदार आणणारा दलाल असे दोन दलाल असल्यास दलाली त्यांच्यात विभागली जाते. उदाहरणार्थ, ५०,००० डॉलरना विकल्या गेलेल्या नौकेवर १० टक्के दराने ५,००० डॉलर दलाली होते. ती समान वाटली तर प्रत्येक दलालास २,५०० डॉलर मिळतात आणि मालकाच्या हाती ४५,००० डॉलर पडतात. लहान नौकांसाठी अनेक दलाल टक्केवारीऐवजी किमान शुल्क आकारतात. त्यामुळे काही हजार डॉलर किमतीच्या नौका बहुधा दलालांकडे येतच नाहीत आणि मालकांकडूनच थेट विकल्या जातात.

खरेदीदाराला दलाल ‘विनामूल्य’ मिळतो, ही समजूत अर्धसत्य आहे. दलालीची रक्कम विक्रेत्याच्या हिशेबात दाखवली जात असली, तरी ती येते खरेदीदाराने दिलेल्या पैशांतूनच. थेट विक्री करणारा मालक तीच नौका दलालीइतकी स्वस्त देऊ शकतो. व्यवहारात मात्र अनेक मालक आपल्या नौकेबद्दलच्या आपुलकीमुळे बाजारभावापेक्षा जास्त किंमत मागतात. दलाल त्यांना प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती दाखवून ती अपेक्षा खाली आणू शकतो. म्हणून थेट खरेदी नेहमी स्वस्तच पडते असे नाही.

दलाली कोण ठरवतो आणि कोण सोसतो, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयातही पोहोचला आहे. घरांच्या खरेदी-विक्रीतील दलालीबाबत २०२३ मध्ये गाजलेल्या निकालानंतर, २०२४ मध्ये फ्लोरिडातील संघीय न्यायालयात यॉटदलालांच्या संघटना व संबंधित व्यावसायिकांविरुद्ध स्पर्धाविरोधी वर्तनाचा आरोप करणारा दावा दाखल झाला. विक्रेत्याने खरेदीदाराच्या दलालाचीही दलाली भरावी ही प्रथा दर चढे ठेवते, असा अशा दाव्यांमागील युक्तिवाद आहे.

दलाल कोणाचा प्रतिनिधी असतो

विक्रीसाठी नौका दलालाकडे सोपवताना मालक त्याच्याशी करार करतो. हा करार मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एकाच दलालाला ठरावीक मुदतीसाठी अनन्य हक्क देणाऱ्या करारात दलाल जाहिरातीवर अधिक खर्च करतो आणि इतर दलालांशी दलाली वाटून घेतो. खुल्या करारात मालक अनेक दलालांकडे नौका नोंदवतो आणि जो खरेदीदार आणेल त्यालाच दलाली मिळते. दोन्ही प्रकारांत दलालाची निष्ठा मालकाशी बांधलेली असते. चांगली किंमत मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य असते आणि त्याचे उत्पन्नही त्याच किमतीवर ठरते.

खरेदीदार स्वतःचा दलाल नेमू शकतो. असा दलाल नौका शोधणे, पूर्वीच्या विक्रीच्या किमती काढणे आणि घासाघीस करणे ही कामे खरेदीदाराच्या बाजूने करतो. त्यालाही बहुधा विक्रेत्याच्या दलालीतीलच वाटा मिळत असल्याने व्यवहार पूर्ण होण्यात त्याचा हितसंबंध राहतोच. एकच दलाल दोन्ही बाजूंचा असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष अधिक तीव्र होतो आणि दोन्ही पक्षांना त्याची कल्पना देऊन त्यांची संमती घेणे आवश्यक मानले जाते.

दलालीचा हा पाया सामान्य अभिकर्तृत्वाच्या कायद्यात आहे. भारतात तो १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १८२ ते २३८ मध्ये येतो. त्यातील कलम २१५ व २१६ नुसार अभिकर्त्याने मुख्य पक्षाच्या संमतीशिवाय व्यवहारात स्वतःचे हित साधल्यास, कलमांतील अटींनुसार मुख्य पक्ष तो व्यवहार नाकारू शकतो किंवा अभिकर्त्याला मिळालेला लाभ मागू शकतो.

व्यवहाराचे टप्पे

दलालामार्फत होणारी खरेदी सामान्यतः पुढील क्रमाने होते.

१. खरेदीदार लेखी प्रस्ताव देतो आणि त्यासोबत इसार म्हणून बहुधा किमतीच्या १० टक्के रक्कम भरतो. ही रक्कम दलालाच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या ठेवलेल्या विश्वस्त खात्यात राहते.

२. विक्रेत्याने प्रस्ताव मान्य केल्यावर तपासणी आणि चाचणी सफरीसाठी मुदत ठरते.

३. खरेदीदार स्वखर्चाने तपासनीस नेमतो. नौका पाण्याबाहेर काढून तिचा तळ तपासला जातो आणि नंतर समुद्रात चालवून पाहिली जाते.

४. तपासणीनंतर खरेदीदार नौका स्वीकारतो, किंमत कमी करण्याची वा दुरुस्तीची मागणी करतो किंवा नकार देतो. अमेरिकी नमुना करारांत खरेदीदाराला मुदतीत लेखी नकार देऊन इसार परत घेण्याची बरीच मोकळीक असते. ब्रिटनमधील करारांत हा हक्क बहुधा तपासणीत आढळलेल्या मोठ्या दोषांपुरता मर्यादित असतो.

५. कागदपत्रांची छाननी, कर्जाची फेड, विक्रीखत आणि उरलेल्या रकमेचा भरणा झाल्यावर नौकेचा ताबा दिला जातो.

मुदत चुकल्यास इसार जप्त होण्याची शक्यता असते. त्यामुळे करारातील तारखा आणि नकार कसा कळवायचा याची अट, या दोन बाबी खरेदीदाराच्या दृष्टीने किमतीइतक्याच महत्त्वाच्या असतात. थेट खरेदीत विश्वस्त खाते नसते. तेथे इसार सरळ मालकाच्या हाती जातो आणि व्यवहार फिसकटल्यास तो परत मिळवणे कठीण होते. अशा वेळी वकिलाच्या खात्यात वा स्वतंत्र त्रयस्थाकडे रक्कम ठेवण्याचा पर्याय वापरला जातो.

मालकीहक्क आणि बोजा

वापरलेल्या नौकेच्या खरेदीतील सर्वांत मोठी जोखीम तिच्यावरील जुन्या देण्यांची असते. सागरी कायद्यात काही देणी थेट नौकेला चिकटतात आणि मालक बदलला तरी सुटत नाहीत. खलाशांचे थकलेले वेतन, संकटातून नौका वाचवल्याबद्दलचा मोबदला आणि टकरीची नुकसानभरपाई ही त्यांची प्रमुख उदाहरणे आहेत. अमेरिकी संघीय कायद्यानुसार इंधन, दुरुस्ती आणि इतर आवश्यक सेवा पुरवणाऱ्यालाही असा बोजा मिळतो आणि तो अस्तित्वात येण्यासाठी नोंदणीची गरज नसते. म्हणजे दुरुस्ती आवाराचे जुने बिल कोणत्याही नोंदवहीत दिसत नसतानाही नव्या मालकाच्या नौकेवर जप्ती आणू शकते. भारतात अशा दाव्यांचे नियमन २०१७ चा नाविक अधिकारिता कायदा करतो आणि मुंबई उच्च न्यायालय हे ते चालवणाऱ्या न्यायालयांपैकी एक आहे.

नोंदणीच्या कागदांचे मूल्यही देशागणिक बदलते. अमेरिकेत ५ निव्वळ टन किंवा त्याहून मोठ्या नौकांची तटरक्षक दलाकडे संघीय नोंद करता येते. अशा नौकेवरील नोंदवलेले गहाण, विक्रीखते आणि दावे यांचा उतारा मिळतो. मात्र संघीय दाखला हा राष्ट्रीयत्वाचा पुरावा असतो. मालकीचा वाद उद्भवल्यास तो निर्णायक ठरत नाही. ब्रिटिश नोंदवहीच्या पहिल्या भागात नौकेची मालकी ६४ हिश्श्यांत विभागलेली असते आणि गहाणखतांची नोंद होते. तिसऱ्या भागातील लहान नौकांची नोंद मात्र मालकी सिद्ध करत नाही. त्यामुळे तिसऱ्या भागातील नौका घेताना पहिल्या मालकापासूनची विक्रीखतांची अखंड साखळी तपासावी लागते.

युरोपात आणखी दोन कागदांना महत्त्व आहे. नौकेवर मूल्यवर्धित कर भरल्याचा पुरावा नसेल तर तो कर नव्या मालकाकडून मागितला जाऊ शकतो. तसेच १६ जून १९९८ नंतर युरोपीय बाजारात प्रथमच आणलेल्या क्रीडानौकांना सीई चिन्हांकन लागते. ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवस्थेतून बाहेर पडल्यावर, ३१ डिसेंबर २०२० रोजी नौका कोठे होती हा प्रश्नही तिच्या कराच्या स्थितीसाठी महत्त्वाचा झाला. अशा कागदांची जुळवाजुळव हे अनुभवी दलालाचे खरे कौशल्य मानले जाते.

कायदेशीर नियमन

नौकादलालांसाठी परवान्याची सक्ती सर्वत्र नाही. फ्लोरिडात राज्य कायद्याच्या ३२६ व्या प्रकरणानुसार ३२ फुटांपेक्षा लांब यॉटची दलाली करण्यासाठी परवाना लागतो. दलाल होण्यापूर्वी विक्री प्रतिनिधी म्हणून सलग दोन वर्षे काम केलेले असावे लागते आणि दलालास २५,००० डॉलरचे हमीपत्र द्यावे लागते. खरेदीदाराची रक्कम विश्वस्त खात्यात ठेवणेही बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियातही यॉट व जहाजदलालांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र असा परवाना नाही. तेथे व्यावसायिक संघटनांचे सदस्यत्व आणि प्रमाणपत्र यांवर भर दिला जातो.

ब्रिटनमध्ये सरकारी परवान्याची सक्ती नाही. तेथे संघटनांच्या आचारसंहिता आणि नमुना करार यांच्या आधारे व्यवसाय चालतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात मोठ्या यॉटच्या विक्रीत ‘मायबा’ या संघटनेचा नमुना करार प्रचलित आहे.

दलाल आणि ग्राहकाचे हक्क

दलालामार्फत खरेदी केल्याने खरेदीदाराला दुकानातून घेतलेल्या मालासारखे संरक्षण मिळते, असे नाही. ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा व्यापाऱ्याने ग्राहकाला केलेल्या विक्रीला लागू होतो. दलाल खासगी मालकाच्या वतीने विकत असेल, तर विक्री मूलतः दोन खासगी व्यक्तींमधील ठरते. अशा विक्रीत समाधानकारक गुणवत्तेची गर्भित हमी सामान्यतः नसते. खोट्या विधानांविरुद्ध १९६७ च्या चुकीच्या निवेदनाविषयीच्या कायद्याचा आधार घेता येतो. परंतु न सांगितलेल्या दोषांबाबत खरेदीदारानेच सावध राहावे, हा नियम लागू होतो.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद हाउस ऑफ लॉर्ड्सच्या १९९५ मधील एका निकालाने स्पष्ट केला. स्कॉटलंडमधून आलेल्या या प्रकरणात एका खासगी मालकाची केबिन असलेली मोटारनौका दलाल कंपनीमार्फत विकली गेली. विक्री खासगी मालकाच्या वतीने होत आहे, हे खरेदीदाराला सांगितलेच गेले नव्हते. नौका समुद्रात नेण्यास अयोग्य निघाली. १९७९ च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १४(५) नुसार, व्यवसाय म्हणून विक्री करणाऱ्या अभिकर्त्यामार्फत विक्री झाली आणि मुख्य पक्ष व्यवसाय म्हणून विकत नाही हे खरेदीदाराच्या लक्षात आणून दिले गेले नाही, तर गुणवत्तेच्या गर्भित अटी लागू होतात. न्यायालयाने त्यासाठी पडद्याआडच्या मालकालाही जबाबदार धरले. या निकालानंतर, विक्री खासगी मालकाच्या वतीने होत आहे हे करारात स्पष्ट नमूद करणे दलालांच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरले. खरेदीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ते वाक्य करारात असेल तर नौकेच्या दोषांची जोखीम प्रामुख्याने त्याच्याकडे येते.

तपासणी

स्वतंत्र तपासणी ही दलाल असो वा नसो, सारखीच आवश्यक असते. फायबरच्या नौकेत तपासनीस तळावरील फोड, थरांमध्ये शिरलेला ओलावा आणि पूर्वीच्या धडकेच्या दुरुस्त्या शोधतो. शिडाच्या नौकेत कील नौकेला जोडणारे बोल्ट आणि डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा यांवर विशेष लक्ष दिले जाते. इंजिनासाठी बहुधा वेगळा यंत्रतज्ज्ञ लागतो आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. अनेक विमा कंपन्या जुन्या नौकेचा विमा उतरवताना अलीकडचा तपासणी अहवाल मागतात.

दलालाने सुचवलेला तपासनीस नेमण्याविरुद्ध सहसा सल्ला दिला जातो. असा तपासनीस अप्रामाणिक असतोच असे नाही. परंतु पुढील काम ज्याच्या शिफारशीवर अवलंबून आहे, त्याचा व्यवहार मोडणारा अहवाल लिहिणे त्याला जड जाऊ शकते. त्याचप्रमाणे विक्रेत्याने पूर्वी करून घेतलेल्या अहवालावर विसंबणेही धोक्याचे असते. त्या तपासनिसाचा करार विक्रेत्याशी झालेला असल्याने अहवालातील चुकीबद्दल त्याच्याकडून भरपाई मिळवणे नव्या खरेदीदाराला अवघड जाते.

उपयुक्तता आणि मर्यादा

दलालाची उपयुक्तता पुढील परिस्थितीत अधिक असते: नौका महाग असते, ती दूरच्या बंदरात वा दुसऱ्या देशात असते, तिच्यावर कर्ज असते, तिची मालकी कंपनीच्या किंवा अनेक हिस्सेदारांच्या नावे असते किंवा तिच्या कराची स्थिती संदिग्ध असते. अशा व्यवहारात एका चुकलेल्या कागदाची किंमत दलालीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते.

याउलट नौका लहान आणि स्वस्त असेल, मालक तिचा पहिलाच खरेदीदार असेल, मूळ पावती व देखभालीच्या नोंदी उपलब्ध असतील आणि ती खरेदीदाराच्याच बंदरात असेल, तर थेट खरेदी सोपी पडते. मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याने नौकेचा इतिहास, तिच्या खोडी आणि दुरुस्त्या यांची माहिती मिळते. दलाल मध्ये असल्यास ती बहुधा गाळून येते. अशा व्यवहारात दलालीवर वाचलेल्या पैशांतील काही भाग तपासनीस आणि विक्रीखत तपासणारा वकील यांवर खर्च करणे हा प्रचलित मध्यम मार्ग आहे.

भारतातील स्थिती

भारतात खासगी क्रीडानौकांचा बाजार लहान आहे. पुनर्विक्रीचे मोठे प्रमाण मासेमारी नौकांमध्ये दिसते. कोकण किनाऱ्यावर अशा नौकांचे व्यवहार बहुतांशी ओळखीतून होतात. नौकामालक, तांडेल, नौका बांधणारे कारागीर आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी यांच्यामार्फत विक्रीची बातमी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचते. मध्यस्थ असला तरी तो सहसा परवानाधारक व्यावसायिक नसतो आणि त्याच्याकडे विश्वस्त खातेही नसते.

खरेदीदाराची कायदेशीर जबाबदारी मात्र यामुळे कमी होत नाही. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात नोंदणीकृत जहाजाची मालकी १० हिश्श्यांत विभागण्याची तरतूद होती. २०२५ मध्ये संसदेने या विषयावर नवा कायदा संमत केला. मासेमारी नौकेच्या बाबतीत नोंदणी आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा, १९८१ खालील परवाना या दोन्ही नोंदी नव्या मालकाच्या नावे करून घ्याव्या लागतात. अनेक यांत्रिक नौका राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या किंवा बँकांच्या कर्जातून बांधलेल्या आहेत. त्यामुळे कर्ज फिटल्याचा दाखला आणि संबंधित सहकारी संस्थेची थकबाकी नसल्याचे पत्र हे विक्रीखताइतकेच महत्त्वाचे कागद ठरतात.

गुणवत्तेबाबतही भारतीय खरेदीदाराचे संरक्षण मर्यादित आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ मधील गर्भित अटी मुख्यतः विक्रेत्याच्या नेहमीच्या व्यवसायातील मालाला लागू होतात. एका मच्छीमाराने दुसऱ्याला केलेली जुन्या नौकेची एकट-दुकट विक्री सहसा त्यात येत नाही. म्हणून लाकडाची कूज, फायबरचे तडे आणि इंजिनाची अवस्था जाणकार कारागिराकडून विक्रीपूर्वीच पाहून घेण्याची पारंपरिक पद्धत, परदेशातील व्यावसायिक तपासणीचेच काम करते.